राहावे की निघावे? : मुंबईचा प्लेग, १८९६-९७

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. गोदी व धान्याच्या वखारींलगतच्या त्या दाट वस्तीतून रोग पसरू लागताच घरोघरी एकच प्रश्न उभा राहिला : राहावे की निघावे? पेढी मिटावी, तर हुंड्यांचे भरणे चुकणार. थांबावे, तर जिवावर बेतणार. त्यातच आजाऱ्यास सक्तीने इस्पितळात नेतील, ही धास्ती निराळीच. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या या शहरातून पावणेचार लाखांवर लोक बाहेर पडले. त्याच महिन्यात साथरोग कायदा झाला. आगगाडीच्या स्थानकांवर उतारूंची तपासणी होऊ लागली.

तपासणारे काखेतील गाठी पाहत, पण गाठोड्यातील पिसवा कोण पाहणार? उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग माणसास जडतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. तेही कित्येक वर्षे विद्वानांस पटले नाही. तेव्हा निघालेल्यांस भित्रे अथवा बेजबाबदार ठरविणे अन्यायाचे होईल. मात्र ज्या खेड्यांतील लोक उंदीर मरू लागताच घरे सोडून शिवारात झोपड्या घालून राहिले, त्यांतील पुष्कळ वाचले.