गाठीचं लाकूड आणि कातारी

आजचा भाग एका शब्दापासून सुरू करतो. ‘कातीव’. कातीव चेहरा, कातीव बांधा असं आपण सहज म्हणतो. हा शब्द आला कातारी या कारागिराच्या कामातून. लाकूड गरगर फिरवत ठेवायचं आणि हत्यार लावून गोल घडवायचं, याला म्हणतात कातणं. लाटणं, भोवरा, पलंगाचे खूर, सगळं कातारीच्या हातचं.

मी नांदेडचा, पण आजोळ लातूरकडं, औसा तालुक्यात. लहानपणी तिथं वादळात एक लिंब पडला. लिंब म्हणजे आपला कडुलिंब. खोडावर घागरीएवढी गाठ होती. कुऱ्हाडीनं काही केल्या फुटंना. आजी म्हणाली, “ऱ्हाऊ दे बाबा, गाठीचं लाकूड चुलीलाच बरं.” शेवटी ती गाठ अख्खीच चुलवणात गेली.

पुढं कितीतरी वर्षांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. तशाच गाठीतून एक माणूस लेथवर वाडगा काढत होता. आत लाटांसारख्या रेषा, मधेच डोळ्यांसारखे ठिपके. खरं सांगू? पोटात कालवलं.

मग प्रश्न पडला, आपल्या कातारीनं गाठ का नाही घेतली? मला दोन कारणं दिसतात.

पहिलं, यंत्र. जुन्या पद्धतीत लाकडाला दोरी गुंडाळायची आणि मदतनीसानं ती आळीपाळीनं ओढायची. लाकूड एकदा पुढं फिरणार, एकदा मागं. हत्यार कापणार फक्त एकाच फेरीत. अशा लेथवर सरळ रेषेचं लाकूड लोण्यासारखं कातलं जातं. पण गाठीत रेषा चहूबाजूंनी धावतात, हत्यार अडकतं, तुकडा उडतो.

दुसरं, रंग. सावंतवाडीची लाकडी खेळणी पाहिलीत ना? लाखेच्या कामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून रंग चढतो. लाकूड त्याखाली झाकलं जातं. मग आतल्या नक्षीला कोण विचारणार?

रोममध्ये उलटं होतं. प्लिनी लिहितो, की सिसेरोनं एका टेबलासाठी ५ लाख सेस्टर्स मोजले. ते लाकूड आफ्रिकेतल्या एका झाडाचं, आणि त्यातही मुळावरच्या गाठीला मान!

पण या हौसेची दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेत रेडवूडच्या जंगलात गाठी चोरायला लोक जिवंत झाडं कापू लागले. २०१४ मध्ये तिथल्या उद्यानाला एक रस्ता रात्री बंद ठेवावा लागला. गाठ कापली की झाडाला मोठी जखम होते, तिथून कीड आणि बुरशी शिरते.

म्हणून एवढंच सांगतो. उभ्या झाडाला हात लावू नका. पण रस्ता रुंद करताना पडलेला लिंब, बाभूळ दिसली, तर जळणात जायच्या आधी गाठ आहे का बघा. गावात कातकाम करणारं कुणी उरलं असेल, तर त्यांना दाखवा. आजीच्या चुलीत गेली ती गेली. पुढची तरी वाचू दे.

भेटू पुढच्या भागात!