काळजीनं माणूस वाळायचा, आता पोट सुटते, असं काऊन?

राजेहो, पोस्ट जरा लांब आहे. पण वजनकाट्यावर उभं राहून स्वतःलाच शिव्या घालणाऱ्या प्रत्येकानं ती पुरी वाचावी.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या काय म्हणायच्या, आठवा. "काळजीनं पार वाळून गेली वो पोर." चिंता आणि चिता यांत एका टिंबाचा फरक, हेही आपण शाळेपासून ऐकतो. म्हणजे आपल्या भाषेचा हिशोब साफ आहे : काळजी माणसाला सुकवते. आता बडनेऱ्यात जुनी वस्ती ते नवी वस्ती एक चक्कर मारा. कर्जाचा हप्ता, सोयाबीनचा भाव, पोराच्या क्लासची फी, रात्रपाळी, यात पिचलेली माणसं ठायी ठायी भेटतील. त्यातली वाळलेली किती आणि पोट सुटलेली किती, हे तुम्हीच मोजा.

मग म्हाताऱ्या चुकल्या का? माझ्या मते नाही. त्यांच्या काळी ते खरंच होतं. बदललं काय, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागते.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईची रेल्वे आपल्या बडनेऱ्यावरून पुढं गेली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात ते उगाच नाही. पण कापूस खाता येत नाही. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये दुष्काळ पडला, तेव्हा याच सोन्याच्या मुलखातली माणसं दुष्काळी कामांवर पोटासाठी राबत होती. पुढं १९७२ चा दुष्काळ तर आपल्या आईवडिलांनी पाहिला. मिलो ज्वारी आणि सुकडी हे शब्द घरोघरी अजून निघतात.

या सगळ्या काळात काळजी आणि उपास एकाच घरात नांदत होते. पाऊस नाही म्हणून चिंता, आणि पाऊस नाही म्हणूनच डब्यात दाणा नाही. माणूस काळजीनं वाळला की भुकेनं, हे वेगळं काढायची सोयच नव्हती.

आता विज्ञानाकडं येऊ. १९३६ हे साल अमरावतीकरांना माहीत आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू त्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकला गेला आणि आपले देशी खेळ जगाला दाखवून आला. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅनडातल्या माँट्रियलचे संशोधक हान्स सेल्ये यांचं एक छोटं टिपण 'नेचर' नियतकालिकात छापून आलं. त्यांनी उंदरांना थंडीत ठेवलं, थकवलं, इजा केली, विषारी द्रव्यं दिली. त्रास वेगवेगळे, पण शरीराची प्रतिक्रिया सारखीच : मूत्रपिंडावरच्या ग्रंथी फुगलेल्या आणि पोटात व्रण. आज आपण ज्याला ताण, स्ट्रेस किंवा सरळ 'टेन्शन' म्हणतो, त्याच्या अभ्यासाची सुरुवात इथून धरतात.

त्याआधी अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांत पाहिलं होतं की मांजर घाबरली की तिच्या पोटाची हालचालच थांबते. म्हणजे एकदम धक्का बसला की भूक मरते. घरात कुणी गेलं तर घास उतरत नाही, तो हाच प्रकार. म्हाताऱ्यांचं म्हणणं इथं तंतोतंत लागू पडते.

पण ताण दोन दिवसांचा नसून दोन वर्षांचा असला की गाडी दुसऱ्या रुळावर जाते. त्या फुगलेल्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक येते. या ग्रंथींच्या संप्रेरकांवरच्या कामासाठी केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० चं नोबेल मिळालं. कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवते, म्हणजे संकटाशी लढायला इंधन पुरवते. नंतर भूक चाळवते, तीही गोड आणि तेलकटाची. आणि चरबी साठवताना पोटाला पसंती देते. कॉर्टिसॉल रोगासारखं वाढलं तर काय होते, हे १९३२ मध्ये हार्वे कुशिंग यांनी लिहून ठेवलं : चेहरा गोल, पोट मोठं, हातपाय बारीक. साध्या टेन्शननं एवढं होत नाही, पण दिशा तीच असते.

म्हणजे ताण तोच, शरीर तेच. फरक कुठं पडला? आजूबाजूच्या खाण्यात. १८९९ मध्ये काळजीनं चाळवलेल्या भुकेला द्यायला घरात काही नव्हतं. आज ड्युटीवरून निघालेल्या माणसाच्या वाटेत आलुबोंडा आहे, गिला वडा आहे, दहा रुपयांचा बिस्किटपुडा आहे आणि दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा आहे. कामही पूर्वीसारखं अंगमेहनतीचं राहिलं नाही. काळजी मात्र गेली नाही. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, हे आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. भाव, पाऊस आणि कर्ज यांची अनिश्चितता आजही तशीच आहे. भुकेचा दुष्काळ हटला आणि काळजीचा राहिला, असं मला वाटते.

त्यात आपली भारतीय चण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळंतपणांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण चरबी त्या मानानं टिकवून असलेली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा 'मी तर बारीक आहे' म्हणून निश्चिंत राहू नका. भारतीयांसाठी कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोक्याची घंटा समजतात.

आता ज्यांचं वजन उतरत नाही त्यांच्यासाठी. शिकागो विद्यापीठात २०१० मध्ये एक प्रयोग छापून आला. दहा जाड माणसं, दोन आठवडे, मोजून तेवढंच कमी जेवण. एकदा साडेआठ तास झोपायची सोय, एकदा साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन जवळपास सारखंच उतरलं, सुमारे तीन किलो. पण चरबी? पुरी झोप मिळाली तेव्हा १.४ किलो गेली, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६. बाकी जे उतरलं त्यात स्नायूंचा वाटा मोठा होता. शिवाय कमी झोपेत भूकही जास्त लागत होती. प्रयोग छोटा आहे, पण रेल्वेच्या रात्रपाळीवाल्यांनी आणि पहाटे चारला उठून रात्री अकराला भांडी आवरणाऱ्या आयाबायांनी तो ध्यानात ठेवावा.

त्याच वर्षी अमेरिकेत १२१ बायांवर दुसरा अभ्यास झाला. तीन आठवडे दिवसाला १,२०० कॅलरीच खायच्या असं ठरवल्यावर त्यांचं कॉर्टिसॉल वाढलेलं दिसलं. म्हणजे कडक डाएट हाच एक ताण होऊन बसते. आधीच पिचलेल्या माणसाला उपाशी ठेवलं आणि वर 'मनावर ताबा नाही तुमचा' म्हणून टोमणा मारला, तर तो महिनाभर टिकेल आणि मग दुप्पट खाईल. यात त्याचा आळशीपणा किती अन् आपला निर्दयपणा किती?

हे सगळं सांगायचं कारण असं. वीसेक वर्षांच्या बातमीदारीत मी आरोग्य शिबिरांच्या कितीतरी बातम्या केल्या. एका शिबिरात मी बाजूला उभा राहून रांग पाहिली. वजन केलं, बीपी पाहिला, चिठ्ठीवर लिहिलं 'वजन कमी करा', पुढचा या! झोप किती होते, पाळी कोणती, डोक्यावर कर्ज आहे का, घरी आजारी कोण, हे एकालाही विचारलं नाही. हा एका शिबिराचा दोष नाही, आपल्या सगळ्यांच्या डोक्यातल्या समजुतीचा आहे. वजन शरीराचं खातं आणि टेन्शन मनाचं खातं, असे दोन वेगळे काउंटर आपण उघडून ठेवले. शरीराला मात्र एकच काउंटर आहे.

आता कोणी म्हणसान, "म्हणजे भाऊ, टेन्शन आहे म्हणून जाडी आहे, आपला इलाज नाही." तसं नाही. जास्त खाल्लं तर वजन वाढणारच, ताण असो की नसो. चालणं, खेळणं, तालीम याला पर्याय नाही, आणि त्यानं ताणही उतरते. ज्या जिल्ह्यानं बर्लिनला मल्लखांब नेला त्यानं हे दुसऱ्याकडून शिकायची गरज नाही. माझं म्हणणं एवढंच की 'कमी खा, जास्त चाल' ही अर्धी चिठ्ठी आहे.

उरलेली अर्धी आपण मागून घेऊ. गावात पुढचं शिबिर होईल तेव्हा वजनकाट्याशेजारी एक खुर्ची समुपदेशकाची ठेवा, असं आयोजकांना सांगा. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की झोप होत नाही. वजन विनाकारण झपाट्यानं उतरत असेल तर ते टेन्शनवर ढकलू नका, तपासून घ्या. मन फारच जड झालं तर सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येते. आणि घरातल्या जाड माणसाला जेवताना टोमणे मारणं आजपासून बंद करा. त्या टोमण्यानं वजन तर उतरत नाहीच, उलट त्याचा ताण तेवढा वाढते.

तुमच्या घरात पाळीची नोकरी असेल तर झोपेचं कसं जमवता, ते खाली लिहा. दुसऱ्याच्या कामी येईल.