मास्तर कोणाचे? जिल्ह्याचे की सरकारचे?

विकेंद्रीकरण म्हटलं की आपण निधी नि योजनांबद्दल बोलतो. माणसांबद्दल कमी बोलतो. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका यांना नेमायचं कोणी, हलवायचं कोणी?

वऱ्हाडातल्याच पुसदचे वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना त्यांच्या समितीनं 1961 साली अहवाल दिला. बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. नाईकांनी जोर दिला जिल्ह्यावर. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्यात आपली बुलढाण्याचीही. वर्ग तीन-चारचे कर्मचारी परिषदेचे झाले, पण मुख्य कार्यकारी अधिकारी आणि खातेप्रमुख राज्य सरकारचेच राहिले. घरात माणसं आपली, कारभारी मात्र वरून आलेला! हा तिढा आजही सुटलेला नाही.

या रचनेची किंमत आहे. शिक्षकाचा संवर्ग जिल्ह्याचा, ज्येष्ठता यादीही जिल्ह्याची. मलकापूरकडच्या शिक्षिकेचं सासर शेजारच्या जळगाव जिल्ह्यात असेल, तर तिकडे जाता येतं, पण ज्येष्ठता यादीत तळाशी बसून. पंधरा वर्षांची नोकरी झालेली बाई पदोन्नतीसाठी काल लागलेल्यांच्या मागे. जिल्ह्याच्या आतली बदलीही सोपी नव्हती. आपला बुलढाणा तेरा तालुक्यांचा: वर सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर, खाली घाट चढून देऊळगाव राजा. कुठे पडायचं, हे पुष्कळदा कोणाची चिठ्ठी आणली यावर ठरे. सत्ता खाली आली, तसा वशिलाही खाली आला, हे आपण कबूल केलं पाहिजे.

म्हणून 2017 साली वारं उलटं फिरलं. बदल्या संगणकावर गेल्या, शिक्षकभरतीसाठी राज्यभर एकच पवित्र पोर्टल आलं. कागदावर हे केंद्रीकरणच. पण चिठ्ठी मिळवणं ज्यांना कधी जमलंच नाही, त्यांना ते सुटका वाटलं तर नवल काय? आम्ही स्वतः विकेंद्रीकरणाच्या बाजूचे, तरी या प्रश्नापाशी अडखळतो.

एक गोष्ट मात्र जिल्ह्याकडेच राहिली. कोणतं गाव ‘अवघड क्षेत्र’ धरायचं, ती यादी जिल्ह्यातच ठरते. संगणक बदली करतो ती त्या यादीवरून. संग्रामपूरच्या डोंगराकडची शाळा तिच्यात आहे की नाही, हे मुंबईत ठरत नाही, बुलढाण्यात ठरतं.