झोंबिवली

झोंबिवली हा आदित्य सरपोतदार दिग्दर्शित मराठी भय-विनोदी चित्रपट आहे. तो २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. मराठीतील पहिला झोंबीपट म्हणून तो ओळखला जातो. 'झोंबी' आणि ठाणे जिल्ह्यातील 'डोंबिवली' या शब्दांच्या संयोगातून त्याचे शीर्षक तयार झाले आहे. अमेय वाघ, ललित प्रभाकर व वैदेही परशुरामी यांच्या प्रमुख भूमिका असून निर्मिती सारेगामाच्या यूडली फिल्म्सची आहे.

कथानक

अभियंता सुधीर जोशी आपल्या गरोदर पत्नीसह डोंबिवलीतील नव्या टोलेजंग संकुलात राहायला येतो. शेजारच्या वस्तीत पाण्याची तीव्र टंचाई असते आणि विश्वास हा तरुण तेथील रहिवाशांची बाजू मांडत असतो. झोंबींचा उपद्रव सुरू झाल्यावर एरवी एकमेकांपासून फटकून असलेल्या या दोन्ही गटांना एकत्र यावे लागते.

आशय व शैली

झोंबीपटात माणसाच्या शरीरावरील त्याचा ताबा सुटतो आणि परिचित व्यक्तीच हिंस्र बनते. या बाबतीत तो शरीरविकृतीच्या भयपटांना जवळचा आहे. जॉर्ज रोमेरो यांच्या 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) या चित्रपटापासून हा प्रकार सामाजिक उपरोधासाठीही वापरला जातो. रोमेरो यांचे लक्ष्य उपभोगवाद होते. झोंबिवलीचे लक्ष्य पाण्याचे विषम वाटप आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील प्रदूषण हा जुना प्रश्न आहे. तेथे २०१४ मध्ये हिरवट पाऊस पडल्याची, तर २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाल्याची घटना चर्चेत आली होती. त्यामुळे कथेची पार्श्वभूमी स्थानिक प्रेक्षकांना परकी वाटत नाही.

मूल्यमापन

विषयाचे नावीन्य आणि स्थानिक संदर्भ ही चित्रपटाची बलस्थाने होत. मात्र भय, विनोद आणि उपरोध यांचा तोल सर्वत्र सांभाळला जात नाही. पाठलाग, रक्तपात व भडक विनोद वाढत जातात, तसतसा पाण्याचा मूळ प्रश्न मागे पडतो आणि उपरोधाची धार बोथट होते. सूचकतेऐवजी थेट संवादांतून मांडलेला संदेशही काहीसा ढोबळ वाटतो.

प्रदर्शन

करोना साथीमुळे प्रदर्शन लांबणीवर पडले होते. प्रदर्शनाच्या वेळी राज्यातील चित्रपटगृहांना ५० टक्के आसनक्षमतेचीच मुभा होती. सरपोतदार यांनी पुढे 'मुंज्या' (२०२४) हा कोकणातील लोकसमजुतीवर आधारित हिंदी भय-विनोदी चित्रपट दिग्दर्शित केला.