अडखळणारा आवाज

१९७० च्या सुमारास आम्ही बोरिवलीस रुळांलगतच्या एका चाळीत राहत होतो. रेडिओवर सायंकाळच्या बातम्या चालू असता मधूनच खर्रखर्र असा आवाज उठे व निवेदकाचे अर्धे वाक्य त्यात बुडून जाई. वडील मान वर न करताच म्हणत, ‘लोकल गेली.’ गाडीच्या टपावरील सांगाडा तारेस घासून ठिणग्या उडतात, व प्रत्येक ठिणगी ही एक लहानसे, बेशिस्त ध्वनिक्षेपण केंद्रच असते, हे मला पुढे शाळेत पदार्थविज्ञान शिकविताना उमगले.

या भांडणाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. मुंबईच्या रेडिओ क्लबाने १९२३ च्या जून महिन्यात आपले हौशी कार्यक्रम प्रक्षेपित केले. पुढे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती. आणि ५ जानेवारी १९२८ रोजी बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली! म्हणजे उपनगरात गाणे आणि ठिणगी ही जवळजवळ जुळी भावंडेच होत. कंपनीचे दिवाळे १९३० साली वाजले व सरकारने तो कारभार आपल्याकडे घेतला. ऑल इंडिया रेडिओ हे नाव १९३६ सालचे.

हे पुराण आज उकरून काढण्याचे कारण घरगुती आहे. माझी थोरली बहीण पुण्यास असते. दर रविवारी सकाळी लॅपटॉपवर आमचे बोलणे होते. मला कमी ऐकू येत असल्याने मुलाने बिनतारी हेडफोन आणून दिला. परंतु त्यातील आवाज मधूनच तुटे. कधी हेडफोन लॅपटॉपशी असलेले नातेच तोडून टाकी. गेल्या वर्षी ताई सांगत होती, ‘मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गुरुवारी नाही, मंगळवारी आहे.’ त्यातील ‘गुरुवारी’ एवढेच माझ्या कानी आले. बुधवारी रात्री पुण्यास पोहोचलो, तो ताई डोळ्यावर पट्टी बांधून बसलेली. शेजारणीला घेऊन ती जाऊन आली होती. मला एका शब्दानेही बोलली नाही.

नवा हेडफोन घेण्यापूर्वी मी शोध घ्यावयाचे ठरविले. जुन्या मुंबई केंद्राची लहर सुमारे ३५७ मीटर लांबीची होती. घरे, टेकड्या यांस वळसा घालून ती पुढे जाई. ब्लूटूथची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. मनुष्यदेहातील पाणीदेखील तिला गिळून टाकते. शिवाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती चालते त्यास परवाना लागत नाही. आपल्या देशात तो २००५ साली मोकळा झाला. त्यामुळे शेजाऱ्यांचे वाय-फाय, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह, सर्वांची तेथेच गर्दी. आमच्या इमारतीत भिंतीस भिंत लागून किती राउटर असतील, कोण जाणे!

या गर्दीतून वाट काढण्याची युक्ती मात्र जुनी आहे. ११ ऑगस्ट १९४२ रोजी नटी हेडी लमार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले. पाणतीरास दिला जाणारा बिनतारी हुकूम शत्रूने अडवू नये म्हणून पाठविणाऱ्याने व घेणाऱ्याने एकाच तालात लहरी बदलीत राहावे, अशी ती कल्पना. त्याच महिन्यात, २७ तारखेस, मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. त्यांची लहर ४२.३४ मीटरवर स्थिर असे. पोलिसांना चुकविण्यासाठी ते जागा बदलीत. १२ नोव्हेंबर रोजी ते पकडले गेले. लहर बदलण्याची सोय त्यांना असती तर, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

ब्लूटूथ हे काम १९९४ साली स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत सुरू झाले. त्याची थेट वंशावळ त्या पेटंटापर्यंत नेण्याचे धाडस मी करणार नाही. पण तत्त्व तेच. ७९ कप्प्यांतून ते सेकंदास १६०० उड्या मारते. गजबजलेले कप्पे टाळण्याची अक्कल त्यास २००३ साली आली. मग माझा आवाज का तुटावा? सगळेच कप्पे गढूळ झाले तर उडी मारावी कोठे! गाणे असेल तर यंत्र पुढचा थोडा भाग साठवून ठेवते व खळगा भरून काढते; बोलण्यात ती सवड नसते. गेलेला शब्द गेलाच.

गढूळ करणारा चोर लॅपटॉपलाच चिकटलेला निघाला. जुनी छायाचित्रे साठविलेली हार्डडिस्क मी सदैव जोडून ठेवीत असे. तिची यूएसबी ३.० ही जलद जोडणी नेमका याच पट्ट्यात गोंगाट पसरविते, असे इंटेलने २०१२ सालीच दाखवून दिले आहे. म्हणजे ठिणग्या उडविणारी लोकल माझ्याच मेजावर उभी होती. हार्डडिस्क काढली, वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेले. नाते तुटण्याचे कारण निराळे होते: वीज वाचविण्यासाठी लॅपटॉप ब्लूटूथचा भाग मधून मधून निजवीत असे. ती मुभा मुलाने काढून घेतली.

येत्या महिन्यात ताईच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. परवा रविवारी तिने तारीख सांगितली, ती मी ऐकली. तरीही ती म्हणाली, ‘अरे, लिहून घेतलीस ना?’ मी लिहून घेतली.