रणांगणावरील ओळख

रणात पडलेल्या वीराचे नाव आपण अभिमानाने घेतो. परंतु पडलेला देह त्याचाच होय, हे कोणी व कशावरून ठरविले, याचा विचार क्वचितच करतो. कोरीटसारख्या लहान गावातील आपल्या ज्ञातिकुटुंबांसही हा विचार अगत्याचा आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. विश्वासरावांचा देह लौकरच मिळाला; सदाशिवरावभाऊंचे मात्र शिरावाचून नुसते धड सापडले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने ही हकीकत फारसीत लिहून ठेविली आहे. भाऊंस जवळून ओळखणाऱ्या मराठी मंडळींनी तो देह निरखून पाहिला. मांडीवरील काळा डाग, मुजफ्फरखानाच्या खंजिराचा पाठीवरील व्रण, सूर्यनमस्कारांनी हातांस व गुडघ्यांस पडलेले घट्टे, या खुणांवरून तो भाऊंचाच ठरला. पुढे शिरही मिळाले व शुजाच्या खटपटीने यथाविधी दहन झाले.

परंतु रणावर पटलेली ही ओळख पुण्यास पटली नाही. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत सौभाग्यलेणी उतरविली नाहीत. या संशयाच्याच आधारे भाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ साली त्यास देहान्त शासन होईपर्यंत राज्यास त्याचा उपद्रव सोसावा लागला.

भाऊंस निदान ओळखणारे होते. हजारो शिपायांस तेही लाभले नाहीत. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून पालाशविधी करावा, अशी शास्त्राज्ञा आहे. अशा घरांस तेवढाच आधार उरे.

आज साधने वाढली आहेत. इटलीत पोज्जो आल्तो येथे १९४४ साली पडलेल्या दोन हिंदी शिपायांच्या अस्थी १९९६ साली सापडल्या. परीक्षेवरून त्या युरोपीय नसलेल्या, विशीतील तरुणांच्या ठरल्या. पलटणीच्या नोंदींशी ताडून नावे लागली आणि २०१९ साली रक्षा हरियाणात आपापल्या घरी पोचली. तब्बल पंचाहत्तर वर्षांनी!

यावरून एवढे स्पष्ट होते की, शास्त्र कितीही पुढे गेले तरी ताडून पाहावयास नोंद अथवा रक्ताचा नातलग लागतोच. म्हणून आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे की, ज्यांच्या घरचे कोणी सैन्यात गेले असेल, त्यांनी त्याचे नाव, पलटण, क्रमांक, अंगावरील खुणा व नातलग आपल्या वंशावळीत आजच लिहून ठेवावेत. ज्यांनी देशासाठी देह ठेविला, त्यांचे एवढे ऋण तरी आपण फेडलेच पाहिजे.