दुभाषा की सांगाती? : वसईकर गोन्सालो गार्सिया यांच्या जपानयात्रेविषयी एक टिपण

वसईच्या जुन्या किल्ल्याजवळ पाचूबंदर ही कोळ्यांची वस्ती आहे. १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला व येथे ख्रिस्ती धर्म रुजला. या किनाऱ्यावर परदेशी धर्मोपदेशक आले, हे सर्वश्रुत आहे. येथूनही एक जण परदेशी गेला, याची चर्चा मात्र थोडी होते.

अल्पकाळासाठी परमुलखात जाणाऱ्या धर्मसेवकाने काही करून दाखविण्यापेक्षा तेथील लोकांबरोबर चालावे, असा एक विचार अलीकडे मांडला जातो. त्यास ‘सहगमन’ म्हणावे, तर त्या शब्दाला सतीचा अर्थ चिकटलेला आहे. संतवाङ्मयाने रुळविलेला ‘सांगात’ हाच शब्द अधिक नेमका होय.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता येथील. जेझुइटांपाशी शिकून ते तरुणपणीच जपानला गेले व तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली. पुढे काही काळ त्यांनी व्यापार केला आणि मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांजबरोबर ते दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेले. हे कार्य चार वर्षेही टिकले नाही. तरी क्योतो येथे मंदिर व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले. नवागतांच्या या अल्पकालीन कार्यामागे गोन्सालो यांच्या पूर्वीच्या दीर्घ वास्तव्याचे भांडवल होते, हे विसरता कामा नये.

परंतु या सांगाताची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हिदेयोशीने १५८७ मध्येच धर्मोपदेशकांना देशत्यागाची आज्ञा दिली होती. फ्रान्सिस्कन आले ते फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराचे वकील म्हणून. धर्मसेवक आणि राजदूत ही दोन नाती एकाच अंगावर आली. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागताच संशय बळावला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते. उरलेले वीस जपानी. १८६२ मध्ये या सर्वांना संतपद मिळाले.

तात्पर्य, भाषा जाणणारा प्रत्येक दुभाषा सांगाती ठरत नाही आणि सत्तेच्या जहाजातून उतरणाऱ्यास सांगाती होणे अवघड जाते. गोन्सालो यांस ती अडचण चुकली नाही. तथापि अखेरची वाट ते ज्यांच्यासमवेत चालले, त्यांत बहुसंख्य त्या भूमीचेच होते. त्यांना ‘सांगाती’ म्हणावयाचे ते याच आधारावर.